रानडुक्कर, रोही आणि शिकारीचा कायदा : आमदारांचे काम शेतकऱ्याने कसे तपासावे?

खरिपात मका व भुईमूग, रब्बीत हरभरा व ज्वारी आणि बारमाही ऊस या पिकांमध्ये रानडुक्कर, रोही (नीलगाय) व काळवीट यांचा उपद्रव ही राज्याच्या अनेक भागांतील शेतकऱ्यांची नित्याची तक्रार झाली आहे. किडीचा प्रादुर्भाव हळूहळू वाढतो, त्यामुळे फवारणीचा निर्णय घेण्यास चार दिवस मिळतात. रानडुकरांचा कळप मात्र एका रात्रीत उभा मका आडवा करतो. बियाणे, खते, आंतरमशागत व पाणी यांवर झालेला खर्च तोपर्यंत पूर्ण झालेला असतो.

अशा वेळी गावात साधारणपणे दोन गोष्टी घडतात. काही जण खांबावरून तार ओढून कुंपणात वीज सोडतात. बाकीचे एकत्र येऊन आमदारांकडे जातात आणि "शिकारबंदी उठवा" अशी मागणी करतात. पहिल्या मार्गाने माणसे व गुरे दगावतात आणि शेतकरी तुरुंगात जातो. दुसरा मार्ग योग्य आहे, परंतु मागणी चुकीच्या दारात केली जात असल्यामुळे आश्वासन मिळते व प्रश्न तसाच राहतो. आमदारांना जे करता येत नाही ते आपण मागतो. जे करता येते त्याविषयी विचारतच नाही.

म्हणून या लेखात वन्यप्राणी संरक्षण कायद्यातील शेतीशी संबंधित तरतुदी, त्या बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, लोकप्रतिनिधीच्या या विषयातील कामाची नोंद कशी वाचावी आणि दरम्यान आपल्या शेतात काय करावे, याची माहिती दिली आहे.

कायदा कसा झाला?

वन्यप्राणी व पक्षी यांचे संरक्षण हा विषय राज्यघटनेत मुळात राज्यांच्या अखत्यारीत होता. त्यानुसार तत्कालीन मुंबई राज्याच्या विधानमंडळाने १९५१ मध्ये वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला होता. त्या काळी परवाना घेऊन शिकार करता येत असे.

पुढे देशभर एकच कायदा असावा असा विचार झाला. विषय राज्यांचा असल्यामुळे संसदेला थेट कायदा करता येत नव्हता. राज्यघटनेच्या २५२ व्या अनुच्छेदानुसार ११ राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव करून संसदेस तसा अधिकार दिला आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ तयार झाला. त्या ११ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. महाराष्ट्राने तो नंतर स्वीकारला व १९७३ पासून तो येथे लागू झाला. म्हणजे या कायद्याच्या मुळाशी राज्यांच्या आमदारांनी दिलेली मते आहेत, हे लक्षात ठेवावे.

त्यानंतरचे महत्त्वाचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

१) १९७६ : ४२ व्या घटनादुरुस्तीने हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. तेव्हापासून यावर केंद्र व राज्य दोघेही कायदा करू शकतात, परंतु दोहोंत विरोध आल्यास केंद्राचा कायदा वरचढ ठरतो.

२) १९९१ : शिकारीचे परवाने देण्याची पद्धत बंद झाली. आज आपण ज्याला शिकारबंदी म्हणतो ती खऱ्या अर्थाने या दुरुस्तीने आली.

३) २००२ : शिक्षा वाढविण्यात आल्या.

४) २०२२ : अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आणण्यात आली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पूर्वीच्या पाचव्या अनुसूचीत उंदीर, कावळा, वटवाघूळ अशा उपद्रवी प्राण्यांची यादी होती. ती अनुसूची आता राहिलेली नाही.

शेतकऱ्याला माहीत असावीत अशी कलमे

शिकार म्हणजे काय? कायद्यातील शिकार या शब्दाचा अर्थ बंदुकीने मारणे एवढाच नाही. विष घालणे, फास लावणे, सापळा लावणे, पकडणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न करणे हे सर्व शिकारीतच मोडते. जनावर मेले नाही तरी गुन्हा होऊ शकतो. बांधावर कीटकनाशक मिसळलेले पीठ ठेवणारा शेतकरी स्वतःला शिकारी समजत नाही, कायदा मात्र तसेच समजतो.

अनुसूची : अनुसूची १ मधील प्राण्यांना सर्वांत कडक संरक्षण आहे. वाघ, बिबट्या, हत्ती, गवा, काळवीट, चिंकारा व मोर हे यात येतात. अनुसूची २ मधील प्राण्यांनाही संरक्षण आहे, पण त्यांच्या बाबतीत काही सवलतीची तरतूद आहे. रानडुक्कर व रोही अनुसूची २ मध्ये आहेत. आपल्या शेतात येणारा प्राणी कोणत्या अनुसूचीत आहे हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे, कारण पुढची सर्व कार्यवाही त्यावर अवलंबून असते.

कलम ९ : अनुसूची १ व २ मधील कोणत्याही प्राण्याची शिकार करण्यास मनाई आहे. अपवाद फक्त कलम ११ व १२ मध्ये दिलेले आहेत. त्यांपैकी शेतीशी संबंध येतो तो कलम ११ चा.

कलम ११ : या कलमाचे दोन भाग नीट वेगळे समजून घ्यावेत. अनुसूची १ मधील प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी अथवा रोगग्रस्त असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नोंदवून लेखी आदेश देऊ शकतात. त्यातही प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलविणे शक्य नाही याची खात्री झाल्याशिवाय मारण्याचा आदेश देता येत नाही. येथे पिकाच्या नुकसानीचा उल्लेख नाही. म्हणूनच काळविटाने हरभरा कितीही खाल्ला तरी त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. तेथे मार्ग नुकसानभरपाईचा व पीकरक्षणाचा आहे.

अनुसूची २ मधील प्राणी मात्र मानवी जीवितास किंवा मालमत्तेस, आणि या मालमत्तेत उभ्या पिकाचा स्पष्ट समावेश आहे, धोकादायक झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी ठरावीक क्षेत्रापुरती लेखी परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर व रोही यांच्याबाबतची परवानगी या तरतुदीखाली दिली जाते. हा दुसरा अधिकार खालच्या अधिकाऱ्यांकडे सोपविता येतो, पहिला सोपविता येत नाही. त्यामुळे बिबट्याबाबतचा निर्णय तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकत नाही.

स्वसंरक्षण : स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविताना सद्भावनेने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. मात्र त्या वेळी ती व्यक्ती स्वतः कायद्याचा भंग करीत नसावी. मेलेला प्राणी शासनाच्या मालकीचा असतो. तो परस्पर पुरणे, जाळणे किंवा त्याचे मांस वाटून घेणे हा वेगळा गुन्हा होतो.

शिक्षा : सर्वसाधारण उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची १ मधील प्राण्याच्या शिकारीस कमीत कमी तीन व जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. रानडुकरासाठी लावलेल्या तारेला बिबट्या किंवा वाघ लागला तर प्रकरण या दुसऱ्या गटात जाते. तार कोणासाठी लावली होती, हे सांगून सुटका होत नाही.

कोणाच्या हातात काय आहे?

शेतकरी बंधूंनो, हा भाग नीट वाचावा. लोकप्रतिनिधीचे काम तपासण्याचे माप यातूनच मिळते.

१) संसद : मूळ कायद्यातील कलमे बदलू शकते. हे काम खासदारांचे आहे.

२) केंद्र शासन : अनुसूचींमध्ये फेरफार करू शकते. तसेच कलम ६२ खाली अनुसूची २ मधील प्राण्यास ठरावीक भागापुरते व ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी घोषित करू शकते. असे झाल्यास त्या भागात त्या मुदतीत शिकारीची बंदी लागू राहत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारसाठी रोही व रानडुक्कर, फेब्रुवारी २०१६ मध्ये उत्तराखंडसाठी रानडुक्कर आणि मे २०१६ मध्ये हिमाचल प्रदेशासाठी माकड याप्रमाणे अधिसूचना निघाल्या होत्या. या सर्व संबंधित राज्यांच्या मागणीवरून निघाल्या होत्या.

३) राज्य विधानमंडळ : विषय समवर्ती सूचीत असल्याने राज्यापुरती दुरुस्ती करणारे विधेयक संमत करू शकते, परंतु केंद्रीय कायद्याशी विरोध असल्यास त्यास राष्ट्रपतींची संमती लागते. बैलगाडा शर्यतींचा अनुभव आपल्या परिचयाचा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या केंद्रीय कायद्यात महाराष्ट्र विधानमंडळाने २०१७ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती केली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. तो कायदा वेगळा असला तरी मार्ग हाच आहे. वन्यजीव कायद्याबाबत केरळ विधानसभेने ऑक्टोबर २०२५ मध्ये असेच दुरुस्ती विधेयक संमत केले. याखेरीज नुकसानभरपाईबाबत स्वतंत्र कायदा करणे व अंदाजपत्रकात तरतूद करणे हे विधानमंडळाचेच काम आहे.

४) राज्य शासन : परवानगीचे अधिकार कोणत्या अधिकाऱ्यापर्यंत द्यावेत, भरपाईचे दर व पद्धत काय असावी, कुंपणास अनुदान किती द्यावे हे शासन निर्णयाने ठरविते. मे २०२२ मध्ये केरळ शासनाने रानडुकरांबाबतचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेला. त्यासाठी केंद्रीय कायदा बदलावा लागला नाही.

५) वनविभाग : परवानगी देणे, पंचनामा करणे, भरपाई वितरित करणे.

बिबट्याला अनुसूची १ मधून २ मध्ये आणावे, अशी मागणी जुन्नर, शिरूर या ऊसपट्ट्यातून होते. वरील यादी पाहिली म्हणजे ती मुंबईत मंजूर होण्यासारखी नाही, राज्याने केंद्राकडे शिफारस करण्याची आहे, हे स्पष्ट होते. उलट, पंचनामा होऊन सहा महिने झाले तरी भरपाई न मिळणे ही पूर्णपणे राज्याची बाब आहे.

एका आमदाराची नोंद : उदाहरणादाखल

आता हे माप प्रत्यक्षात लावून पाहू. उदाहरणासाठी श्री. सुधीर मुनगंटीवार यांची नोंद घेतली आहे. ते १९९५ पासून चंद्रपूर जिल्ह्यातून विधानसभेवर निवडून आले असून २०१४ ते २०१९ व २०२२ ते २०२४ या काळात राज्याचे वनमंत्री होते. ताडोबा हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान (१९५५) याच जिल्ह्यात आहे, आणि वाघ, रानडुक्कर व शेती यांचा संबंध येथे रोजचा आहे. कोणाची बाजू घेण्याचा अथवा टीका करण्याचा हेतू नाही. नोंद कशी वाचावी एवढेच दाखवावयाचे आहे.

पहिली बाब, परवानगीची : २०१५ मध्ये राज्य शासनाने पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुक्कर व रोही यांच्याबाबत परवानगीची पद्धत सुलभ केली. २०१६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात परवानगीने रानडुकरे मारली गेली तेव्हा तत्कालीन केंद्रीय मंत्री श्रीमती मनेका गांधी यांनी जाहीर टीका केली. राज्याच्या मागणीवरून, ठरावीक क्षेत्र व मुदतीपुरतीच परवानगी दिली जाते, असे उत्तर तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री श्री. प्रकाश जावडेकर यांनी दिले. आपल्या यादीप्रमाणे हे क्रमांक ४ चे काम आहे. कायदा बदलला नाही, कायद्यात असलेला अधिकार वापरला.

दुसरी बाब, वाघिणीची : यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा परिसरात २०१६ ते २०१८ या काळात १३ माणसांचे मृत्यू टी-१ या वाघिणीशी जोडले गेले. यात शेतात व रानात कामाला गेलेली माणसे होती. मुख्य वन्यजीव रक्षकांनी कलम ११ खाली आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ रोजी वाघीण गोळीने मारली गेली. त्यानंतर वनमंत्र्यांवर मोठी टीका झाली, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत कार्यपद्धतीतील त्रुटी दाखविण्यात आल्या. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. अनुसूची १ मधील प्राण्याबाबतचा आदेश मंत्री किंवा आमदार देत नाहीत, तो अधिकाऱ्याचा असतो. तेव्हा "साहेबांनी सांगितले तर उद्या बिबट्या मारतील" हा समज चुकीचा आहे. आणि धोका खरा असला तरी आधी पकडण्याचा प्रयत्न, अधिकृत व्यक्ती व लेखी नोंद हे टप्पे पाळले नाहीत, तर पुढील काळात खऱ्या गरजेच्या वेळीही अधिकारी आदेश काढण्यास कचरतात. त्याची किंमत शेवटी शेतात राबणाऱ्यालाच द्यावी लागते.

तिसरी बाब, भरपाईच्या कायद्याची : वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीबद्दल नुकसानभरपाई देण्याबाबतचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्र विधानमंडळाने २०२३ मध्ये संमत केला. यापूर्वी भरपाई शासन निर्णयांच्या आधारे मिळत असे. कायद्याने ठरावीक मुदत व उशीर झाल्यास व्याज हे तत्त्व आणले. हे क्रमांक ३ चे, म्हणजे खऱ्या अर्थाने विधानमंडळाचे काम आहे. शासन निर्णय मंत्रालयात बदलतो. कायदा बदलण्यासाठी सभागृहात यावे लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

या नोंदीतून एक गोष्ट मात्र कळत नाही. आपल्या तालुक्यात किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि पैसे किती दिवसांनी मिळाले हे कोणत्याही भाषणात किंवा विधेयकात लिहिलेले नसते. ती माहिती वनपरिक्षेत्र कार्यालयात असते आणि ती मागावी लागते.

आपल्या आमदारांचे काम तपासताना

खालील प्रश्न गावाने एका कागदावर लिहून काढावेत व त्यांची उत्तरे मिळवावीत :

१) गेल्या पाच वर्षांत या विषयावर त्यांनी किती तारांकित प्रश्न व लक्षवेधी सूचना दिल्या? मंत्र्यांनी काय उत्तर दिले? उत्तरात आश्वासन असेल तर ते पूर्ण झाले का?

२) नुकसानभरपाईचे विधेयक सभागृहात आले तेव्हा ते चर्चेत बोलले का? एखादी दुरुस्ती सुचविली का? आमदार मंत्री नसले तरी अशासकीय विधेयक मांडू शकतात. तसे केले आहे का?

३) तालुक्यात भरपाईचे किती अर्ज प्रलंबित आहेत, याचा आढावा त्यांनी घेतला आहे का?

४) त्यांची मागणी योग्य दारात आहे का? केंद्राच्या अधिकारातील बाब असेल तर केंद्राकडे लेखी शिफारस झाली आहे का, की केवळ सभेत घोषणा झाली?

५) मागणीबरोबर आकडे आहेत का? क्षेत्र, पीक, नुकसान व कालावधी यांची माहिती नसेल तर केंद्र शासन कलम ६२ खालील प्रस्ताव मान्य करील अशी अपेक्षा करता येत नाही. केरळने रानडुकरांबाबत वारंवार केलेली मागणी केंद्राने मान्य केली नव्हती, हे लक्षात घ्यावे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपल्याच हातात आहे. नुकसान होऊनही अर्ज न केलेल्या शेतकऱ्याचे नुकसान शासनाच्या दप्तरी शून्य असते. दहा गावांत नुकसान झाले आणि दोनच अर्ज आले, तर सभागृहात मंत्र्यांच्या उत्तरात दोनच येतात. प्रलंबित अर्जांची संख्या माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून मागता येते व ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

शेतात करावयाची उपाययोजना

कायदा बदलेपर्यंत पीक थांबत नाही. पुढील उपाय एकेकटे पूर्ण रक्षण करीत नाहीत. दोन-तीन उपाय एकत्र व सामुदायिकरीत्या केल्यास उपद्रव बराच कमी होतो.

पिकाची रचना : भुईमूग, मका यांसारखी रानडुकरांच्या आवडीची पिके जंगलाच्या किंवा ओढ्याच्या कडेला एकट्यादुकट्याने घेऊ नयेत. शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून सलग क्षेत्रात घेतल्यास राखण सोपी जाते. रब्बीत हरभरा किंवा भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या तीन-चार दाट ओळी पेराव्यात. मक्याभोवती एरंडीच्या ओळी लावाव्यात. करडई मुख्य पिकाच्या आधी किंवा बरोबर पेरावी. उशिरा पेरलेल्या करडईला काटे येईपर्यंत पीक खाऊन झालेले असते.

लपण कमी करणे : रानडुक्कर दिवसा दाट झुडपात, ओढ्याच्या काठच्या गवतात किंवा उसात दडून राहते. बांधावरील वेडी बाभूळ व घाणेरी यांची झुडपे काढावीत. उसाचे फड व वस्ती यांमध्ये मोकळा पट्टा ठेवावा; त्यामुळे बिबट्याचा धोकाही कमी होतो.

सौर कुंपण : झटका मशीनमधून तारेत उच्च दाबाचा, परंतु सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता झटका सोडला जातो. जनावर घाबरून मागे फिरते, मरत नाही. रानडुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर असावी, नाहीतर ते खालून घुसते. रोही उडी मारून आत येतो, म्हणून वरची तार साधारण सहा फुटांवर घ्यावी. तारेला गवत टेकले की झटका जमिनीत जातो, यासाठी कुंपणाखालील तण वरचेवर काढावे. अर्थिंगची सळई ओलसर जागी खोल रोवावी. कुंपणावर सूचना फलक लावावेत. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान दिले जाते. चालू वर्षातील निकष व अनुदानाची मर्यादा वनपरिक्षेत्र कार्यालयातून विचारून घ्यावी.

जागल : पेरणीनंतर उगवणीपर्यंत आणि दाणे भरण्याच्या काळात उपद्रव सर्वाधिक असतो. संपूर्ण हंगाम एकट्याने जागण्यापेक्षा या दोन काळांत पाच-सहा शेतकऱ्यांनी पाळीने जागल करावी. बॅटरी जवळ ठेवावी व एकट्याने फिरू नये. कळपाला कोंडून हाकू नये; जखमी किंवा कोंडलेले रानडुक्कर अंगावर येते.

हे कधीही करू नये : (१) खांबावरून किंवा पंपाच्या जोडणीवरून कुंपणात वीज सोडू नये. यात माणूस दगावल्यास भारतीय न्याय संहितेखाली, वीज चोरीबद्दल विद्युत कायद्याखाली आणि प्राणी मेल्यास वन्यजीव कायद्याखाली असे तीन स्वतंत्र गुन्हे दाखल होऊ शकतात. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी किंवा आपल्याच घरातील माणूस या तारेला लागतो. (२) विषारी आमिष ठेवू नये. वास येण्यासाठी पूर्वी बांधावर फोरेट टाकले जात असे. त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद करण्यात आला आहे. (३) स्फोटक गोळे व फास वापरू नयेत.

नुकसान झाल्यास काय करावे?

१) नुकसान लक्षात येताच शेतात फेरबदल करण्यापूर्वी फोटो काढावेत. खुरांचे ठसे, उकरलेली जमीन व विष्ठा यांचेही फोटो घ्यावेत.

२) तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज करावा व पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला किंमत नाही.

३) अर्जासोबत सातबारा व बँक खात्याचा तपशील जोडावा. सातबारावर पीकपाहणीची नोंद वेळेवर झालेली असावी. उभ्या पिकाची नोंदच नसेल तर भरपाई अडते.

४) पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहावे, क्षेत्र व नुकसानीची टक्केवारी वाचून मगच सही करावी.

५) पीकविमा घेतला असल्यास स्वतंत्र सूचना द्यावी. वन्यप्राण्यांमुळे होणारे पिकाचे नुकसान प्रधानमंत्री पीकविमा योजनेत अतिरिक्त संरक्षण म्हणून खरीप २०२६ पासून समाविष्ट करण्याचे केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यात ७२ तासांच्या आत स्थाननोंद असलेल्या फोटोसह मोबाईल ॲपवर सूचना देण्याची अट आहे. कोणते प्राणी व कोणते जिल्हे यात येतील हे राज्याने अधिसूचित करावयाचे आहे. आपला जिल्हा त्या यादीत आहे का, हा आमदारांना विचारण्याचा आणखी एक सरळ प्रश्न आहे.

६) रानडुक्कर किंवा रोही यांचा उपद्रव सतत होत असल्यास भरपाईच्या अर्जावर न थांबता कलम ११ खालील परवानगीसाठी वेगळा अर्ज करावा. परवानगी मिळाल्याशिवाय, तिच्यात दिलेल्या क्षेत्राबाहेर किंवा मुदतीनंतर काहीही करू नये.

समारोप

वन्यप्राणी संरक्षणाचा कायदा शेतकऱ्याविरुद्ध केलेला नाही, आणि उभ्या पिकाचे रक्षण ही त्यात न बसणारी मागणीही नाही. उभे पीक हा शब्द कलम ११ मध्येच आहे. मात्र तो अधिकार लेखी अर्ज, लेखी आदेश आणि नोंद यांतूनच वापरता येतो. लोकप्रतिनिधीलाही हेच लागू आहे. शिकारबंदी उठविण्याची घोषणा करणाऱ्यापेक्षा भरपाईच्या मुदतीसाठी सभागृहात प्रश्न विचारणारा आमदार शेतकऱ्याच्या अधिक उपयोगाचा असतो. ग्रामसभेच्या पुढील बैठकीत आपल्या गावातील गेल्या हंगामाच्या नुकसानीची यादी शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, पीक, क्षेत्र व अर्जाच्या तारखेसह तयार करावी. तिची एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना व एक आमदारांना पोच घेऊन द्यावी. अधिवेशनाच्या एक महिना आधी दिलेली अशी यादी प्रश्न विचारण्यास उपयोगी पडते. अधिवेशन संपल्यावर दिलेली पुढच्या अधिवेशनाची वाट पाहत राहते.